पळीभर तेलाचं राज्य

काकू गेल्याची बातमी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली तेव्हा मी ऑफिसात एका पंपाच्या नकाशांवर क्रमांक घालत बसलो होतो. दुपारपर्यंत ग्रुपवर जोडलेल्या हातांची आणि रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. "आधारवड कोसळला." "मातृतुल्य व्यक्तिमत्त्व." "कधीही भरून न निघणारी पोकळी." ही पोकळी एकदाची व्हावी म्हणून यांतले निम्मे लोक कित्येक वर्षं देव पाण्यात घालून बसले होते. मी काहीच लिहिलं नाही. मला पटकन लिहिता येत नाही. त्याला आता बरेच दिवस झाले, आणि मी थोडं थोडं लिहितो आहे.

आमचं मंडळ म्हणजे सौदीतल्या खोबर, दम्माम आणि रास तनुऱ्याकडची काही मराठी कुटुंबं, आणि कंपन्यांच्या कॅम्पांत एकटे राहणारे कोकणातले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. या मंडळाला नोंदणी नव्हती, पाटी नव्हती, कचेरी नव्हती. चार मोठी पातेली होती आणि काकू होत्या. पातेलीही काकूंच्याच घरी असत. हे वरवर साधं वाटतं; पण ज्याच्या घरी पातेली त्याचं राज्य, हे तत्त्व काकूंना इथं आल्याबरोबर समजलं होतं आणि बाकीच्यांना फार उशिरा.

काका रिफायनरीत इंजिनिअर. अतिशय शांत गृहस्थ. त्यांच्या इकाम्यावर (हा इथं राहण्याचा परवाना) काकू सौदीत आल्या, म्हणजे कागदोपत्री त्या 'अवलंबून असलेली व्यक्ती' होत्या. सरकारची एखाद्या माणसाबद्दल एवढी घोर गैरसमजूत मी दुसरी पाहिली नाही. लग्नाआधी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवत. बुटक्या, जाड भिंगांच्या, आणि अंगभर काळ्या अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून चालायच्या, जणू आता कुणाला तरी पाण्यात बुडवायचं आहे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हुकूम नव्हे हो, सूचना आहे." हे ऐकलं की आम्ही कामाला लागत असू.

त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एका शिळेचा मोठा फोटो टांगलेला असे. वर सूर्य-चंद्र, मधे झिजलेल्या काही ओळी, आणि खालच्या भागावर क्रोशाचा एक पांढरा रुमाल. रुमाल फोटोच्या चौकटीला टाचण्यांनी पक्का केलेला, कारण एसीचा झोत नेमका तिथंच येई. ही शिळा काकूंच्या माहेरी, पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात, ओढ्याकाठी उभी आहे. शिलाहारांच्या काळातली. ज्यांनी गधेगाळ पाहिला आहे त्यांना रुमालाखाली काय होतं ते सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: असे दगड दान दिल्यावर उभे करत, आणि जो हे दान मोडील त्याच्या घरच्या बाईची एका गाढवाकडून काय गत होईल ते, वाचता न येणाऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून, चित्रात कोरून ठेवत. चित्र अगदी स्पष्ट असतं.

माझी मुलगी लहान असताना तिनं काकूंना विचारलं होतं, "आँटी, व्हॉट इज अंडर द हँकी?"

"टॅक्स डिपार्टमेंट," काकू म्हणाल्या, आणि तिला चकली दिली.

शिळेवरच्या ओळींचा अर्थ कुणा अभ्यासकानं लावलेला होता आणि काकूंना तो तोंडपाठ होता. एका सामंताची विधवा, अज्ञान मुलाच्या नावानं काही गावांचा कारभार पाहणारी. तिनं देवळातल्या नंदादीपासाठी प्रत्येक तेलघाण्यामागं एक पळी तेल लावून दिलं. एवढंच. बाईच्या नावाच्या जागी कधीतरी कुदळ लागली होती, त्यामुळं नावही नाही. काकू तिला 'आमची सामंतीण' म्हणत. ऐकणाऱ्याला ती त्यांची चुलत आजी वाटे.

चार ओळी आणि एक गाढव एवढ्या सामग्रीवर काकूंनी त्या बाईचं जे चरित्र उभं केलं होतं, त्याला तोड नव्हती. सामंतीण पहाटे उठे. सामंतीण घोड्यावर बसे, पण उजव्या गुडघ्यात दुखत असल्यामुळं चढताना तिला दगड लागे. (काकूंचाही उजवा गुडघा दुखत असे.) सामंतिणीला वांगं आवडत नसे. मंडळात जी अडचण निघेल ती सामंतिणीपुढंही एकदा निघालेली असायचीच. एका वर्षी श्रीखंड कुणी करायचं यावरून दोन घरांत जुंपली. काकूंनी दोघींना सोफ्यावर, फोटोच्या बरोबर खाली बसवलं.

"आमच्या सामंतिणीपुढं असाच तंटा आला होता. दोन घाणेवाले. देवळाला पहिलं तेल कुणाचं?"

"मग?" एकीनं विचारलं.

"दोघांचाही मान काढून घेतला. तिसऱ्याला दिला. श्रीखंड खालच्या मजल्यावरची करेल. तुम्ही दोघी पुऱ्या लाटा. हुकूम नव्हे, सूचना आहे."

त्या गेल्यावर मी म्हणालो, "काकू, हे शिळेत कुठं आहे?"

"शिळेत सगळं लिहीत नसतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुस्तकं वाचणारी माणसं. लिहिलेलं नसलं की तुम्हाला झालेलंच वाटत नाही."

पळीभर तेलाचा कर त्यांनी आमच्यावरही बसवला होता. दिवाळीच्या सुमाराला मंडळ हुफूफजवळ खजुरांच्या बागेतला एक इस्तिराहा भाड्यानं घेई. इस्तिराहा म्हणजे उंच भिंतींच्या आतलं विसाव्याचं घर, एक मोठी बैठकीची खोली, स्वयंपाकघर, अंगण. तिथं काकूंचा पितळी दिवा लागल्याशिवाय फराळाचं झाकण कुणी उघडायचं नाही, आणि दिव्यात तेल घालायचं ते प्रत्येक घरानं आणलेलं, पळी पळी. हा दिवा काकूंनी कोल्हापूरहून आणला तेव्हा कस्टमवाल्यानं त्याचे दोन तुकडे हातात धरून "हे काय?" असं विचारलं होतं. काका म्हणाले, "व्हॉल्व्ह." हा काकांच्या आयुष्यातला एकमेव उत्स्फूर्त उद्गार, असं काकू सांगत.

"तिनं तेलावर राज्य केलं," काकू दिवा लावताना दर वर्षी म्हणत. "आपण तेलावरच जगतो. हो का नाही?" यावर रास तनुऱ्याची मंडळी माना डोलावत. पुढचं भाषण पाठ असल्यामुळं मुलं तोंडानं जुळवत असत.

आता तेल म्हणजे काय, तर ज्याच्या घरी जे असेल ते. लोक औषधाच्या बाटलीतून, जॅमच्या बरणीतून आणत. सूर्यफुलाचं, शेंगदाण्याचं, आणि नव्यानं आलेल्या आयटीवाल्यांकडून ऑलिव्हचं. एका सुनेनं गडबडीत केसांना लावायचं जाईचं तेल आणलं. त्या वर्षी फराळाला लग्नघराचा वास आला. पण कर चुकवण्याची हिंमत कुणाला नव्हती. सुर्वे म्हणून लांज्याकडचे एक फिटर होते, रास तनुऱ्याच्या कॅम्पात राहायचे. सहाजणांच्या खोलीत एकच कढई. त्यांनी आणलेलं तेल दिव्यात पडलं आणि वात पेटली तशी खोलीभर तळलेल्या बांगड्याचा वास सुटला. समोर देवाधर्माची कडक माणसं बसलेली. एकानं नाकाला रुमाल लावला.

"सुर्वे, हे काय?" कुणीतरी दरडावलं.

"त्याल हाय," सुर्वे म्हणाले. "आमच्याकडं ह्येच हाय. दुसरं कुठनं आणू?"

काकूंनी पळी पुसली. "कर आहे तो. कराला वास नसतो. पुढचं घर या."

एका गृहस्थांनी मात्र हा सगळा बालिशपणा आहे, आपण सुशिक्षित आहोत, वगैरे म्हणून तेल आणायचं नाकारलं. काकूंनी त्यांना सपत्नीक चहाला बोलावलं. चहा झाल्यावर उठल्या, रुमालाच्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि रुमाल वर केला. त्या घरातून पुढं दर वर्षी अख्खी बाटली येत असे.

काकू कधीच मंडळाच्या अध्यक्ष नव्हत्या. त्यांचं राज्य अध्यक्षांच्या मार्फत चाले. कारण साधं होतं: इस्तिराह्याचा मालक अबू सालेह हा व्यवहार पुरुषाशीच करी, आणि त्या पुरुषाचा स्वतःच्या नावाचा इकामा लागे. तेव्हा रीतच तशी होती. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी काकू एक पुरुष निवडत. तो गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा, आणि बायकोला भिणारा असावा लागे. निवड झाली की काकू त्याला 'बाळराजे' म्हणत. तोंडावर म्हणत.

शेवटचा बाळराजा मी होतो.

"मीच का?" असं मी विचारलं नाही, कारण उत्तर माझ्या बायकोनं आधीच दिलं होतं. "तुम्ही गप्प बसता. त्यांना तेवढंच पाहिजे."

"सातबाऱ्यावर लिहितात बघा, अ. पा. क., अज्ञान पालनकर्ता," काकू मला समजावून म्हणाल्या. "जमीन पोराच्या नावावर, कारभार पालन करणाऱ्याकडं. पोरानं फक्त मोठं व्हायची घाई करायची नाही."

माझं पहिलं राजकार्य म्हणजे अबू सालेहशी बोलणी. आम्ही काकांच्या गाडीतून हुफूफला गेलो. काका गाडी चालवायला, मी बोलायला, काकू मागच्या सीटवर. काच बोटभर खाली. अबू सालेह बागेच्या दारात उभा. मला येतं तेवढं अरबी आणि त्याला येतं तेवढं हिंदी, अशी बोलणी सुरू झाली. मी "अच्छा" म्हणत होतो आणि तो "तय्यिब" म्हणत होता, एवढ्यात काचेतून आवाज आला.

"त्याला म्हणावं, मागच्या खेपेला टाकीत पाणी नव्हतं."

मी म्हणालो, टाकीत पाणी नव्हतं.

"आणि बायकांच्या खोलीचा एसी. म्हणावं, नवा घाल, नाहीतर आम्ही पलीकडच्या बागेत जातो."

पलीकडच्या बागेत जाण्याचा कुणाचा विचार नव्हता, आणि पलीकडं इस्तिराहाही नव्हता. मी हेही सांगितलं. अबू सालेहनं माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. मग तो माझ्या बाजूनं सरकला, गाडीपासून बेतानं चार हात लांब उभा राहिला, नजर खजुराच्या शेंड्याकडं ठेवली आणि म्हणाला, "मुदीरको बोलो, एसी नया लगाएगा. पानी भी." मुदीर म्हणजे साहेब. साहेब मागच्या सीटवर बसून चिवडा खात होते. त्या दिवसापासून अबू सालेह फोनवर मला पहिलं वाक्य हेच विचारी: "मुदीर कैसा है?"

त्या रात्री परतताना, बहुधा अपमान झाल्यामुळं, मी काकूंना एक प्रश्न विचारला. म्हणालो, "काकू, सामंतिणीचा मुलगा मोठा झाल्यावर काय झालं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलगा अज्ञान होता म्हणून कारभार तिच्याकडं. तो सज्ञान झाल्यावर तिचं काय झालं?"

काकूंना वांगं न खाणारी, गुडघा दुखणारी, घोड्यावर चढणारी सामंतीण ठाऊक होती. तिच्या घोड्याचा रंगही ठाऊक होता. या प्रश्नावर मात्र त्या वाटेवरच्या अब्कैकच्या तेलप्रकल्पाच्या दिव्यांकडं बघत राहिल्या.

"शिळेत तेवढं नाही," त्या म्हणाल्या.

शिळेत नाही म्हणून काकू कधी अडल्याचं मला आठवत नव्हतं. काकांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली: नको.

मग मृण्मयी आली. बँकेत नोकरी, रियाधहून बदली होऊन खोबरला. तिशीची असेल. तिच्यासाठी काकूंनी नेहमीसारखा चहा ठेवला आणि नेहमीसारखी चौकशी.

"मिस्टर कुठं असतात?"

"पुण्यात. त्याला इकडची हवा मानवत नाही."

"मग तू कुणाच्या इकाम्यावर?"

"माझ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याच, काकू."

काकूंनी चहात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा घातली. तोवर देशात पुष्कळ बदललं होतं. बायका गाडी चालवू लागल्या होत्या, दुकानांत, बँकांत, विमानतळावर काऊंटरवर बसू लागल्या होत्या. काकू हे सगळं पाहत होत्या आणि अभिमानानं सांगत होत्या की आमच्या सामंतिणीनं हे कधीच केलं. फक्त त्याचा आपल्या राज्याशी काही संबंध येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली तसा मी काकूंच्या हुकमाची, म्हणजे सूचनेची, वाट पाहत होतो. एका शनिवारी मृण्मयीचा ग्रुपवर मेसेज आला: "हाय ऑल, आज हुफूफला जाऊन इस्तिराहा बुक केला. एसी चेक केले. पाणी आहे." सोबत टाकीचा फोटो. ती सकाळी स्वतः गाडी चालवत गेली होती आणि जेवायला घरी परत आली होती.

मी आणि माझी बायको काकूंकडं धावलो. आम्हाला वाटलं, काकू आता पेढे वाटतील. इतकी वर्षं घोड्यावरच्या बाईच्या गोष्टी सांगितल्या. आता खरोखरची एक बाई एकटी दौडत हुफूफला जाऊन आली होती.

"गेली असेल," काकू म्हणाल्या. "पण तिनं विचारलं कुणाला?"

"अहो, तुम्हीच तर म्हणता ना, बाईनं..." माझी बायको म्हणाली.

"मी बाईनं राज्य करावं म्हणते. कुठल्याही बाईनं करावं असं कधी म्हटलं?"

हे वाक्य बायकोनं घरी येईपर्यंत चार जणींना फोनवर सांगितलं होतं. त्यातून मग ते निघालं. पुढची अध्यक्ष मृण्मयी का नको? काकूंना विरोधही करता येईना. आयुष्यभर त्याच बाजूचं बोललेल्या. तेव्हा त्यांच्या पक्षाच्या म्हणवणाऱ्या बायका म्हणाल्या, "काकू, मग तुम्हीच उभ्या राहा की! आता बाळराजा लागतोय कशाला?"

मी त्या वेळी तिथं होतो. मला काढून टाकण्याची ही चर्चा माझ्यासमोर चालली होती आणि माझ्याकडं कुणी पाहतही नव्हतं, ही माझ्या कारकिर्दीची योग्यच अखेर होती. पण मी काकूंकडं पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या नावानं कारभार केला. कार्यक्रम फसला तर बाळराजा नालायक, रंगला तर काकूंची कृपा. आता नाव त्यांचं स्वतःचं लागणार होतं. अबायाच्या बाह्या त्यांनी खाली ओढल्या. मग पुन्हा वर सरकवल्या.

"राहते उभी," त्या म्हणाल्या.

मंडळाच्या इतिहासातली ही पहिली निवडणूक. काकूंच्याच घरी, काकूंच्याच पातेल्यात चिठ्ठ्या टाकायच्या. मृण्मयी उभी राहून म्हणाली की कामं वाटून घेऊ, पातेली पाळीपाळीनं सगळ्यांच्या घरी ठेवू, जेवण वेळेवर देऊ, थँक यू. काकू अर्धा तास बोलल्या. सामंतीण, घोडा, घाणेवाले, तेल. मुलं तोंडानं जुळवत होती. शेवटी काकूंनी भिंतीकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हिला विसरू नका." सगळे रुमालाकडं पाहायला लागले.

गुप्त मतदान हा प्रकार माणसाला फार शूर करतो. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा मृण्मयीच्या चिठ्ठ्यांना परात लागली आणि काकूंच्या आमटीच्या वाटीत मावल्या.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. एकेक जण येऊन काकूंचा हात हातात घेत होता. "काकू, आमचं मत तुम्हालाच." "काकू, आम्ही दोघांनी तुम्हालाच दिलं हो." ज्यांना फोटोखाली बसवून पुऱ्या लाटायला लावलं होतं त्याही आल्या. अख्खी बाटली आणणारे गृहस्थही आले. काकू प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होत्या. शेवटचा माणूस बोलून झाल्यावर त्यांनी ती आमटीची वाटी उचलली, उजेडाकडं धरली आणि बुडाकडं निरखून पाहिलं.

"गळकी असणार," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "काकू, माझं मत खरंच तुम्हाला होतं."

"तुमचं काय मोजायचं? ते माझंच होतं."

त्या दिवाळीत फराळाच्या आदल्या दिवशी ग्रुपवर सूचना आली: बैठकीत नवं कार्पेट घातलं आहे, तेलाचे डाग पडतात, कृपया कुणी तेल आणू नये, विजेची समई आहे. कुणी तेल आणलं नाही. सुर्व्यांनीही नाही; ते म्हणाले, "नको म्हनले तर आपन कशाला?" काकू आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीच्या आकारावरून आत काय आहे ते सगळ्यांना कळत होतं. विजेची समई लागली, टाळ्या पडल्या. काकूंनी पिशवी भिंतीशी, आपल्या पायामागं ठेवली आणि शेवटच्या ओळीत बसल्या.

सगळं वेळेवर झालं. जेवण गरम होतं. काकूंच्या राज्यात गरम जेवण कुणी पाहिलं नव्हतं, कारण दिवा, भाषण आणि तेलाची रांग होईपर्यंत वरणावर साय धरायची. लोक खूश होते आणि मोठ्यानं खूश होते. मला तो उत्साह जरा ओंगळ वाटला. मी शेवटच्या ओळीत काकूंशेजारी जाऊन बसलो. "जा की पुढं," त्या म्हणाल्या, "माजी राजे, पुढं बसायचं असतं."

दिवेलागणीला अबू सालेह खजुराचं ताट घेऊन दारापर्यंत आला, बाहेरच थांबला, आणि मला हाक मारून विचारलं, "मुदीर किधर?" मी मृण्मयीकडं बोट केलं. त्यानं पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा विचारलं, "नहीं नहीं. मुदीर किधर?"

काकूंनी ऐकलं. "त्याला म्हणावं," त्या म्हणाल्या, बोटभर काचेतून बोलल्यासारख्या, "मुदीर खलास."

मी ते सांगितलं नाही. मी न पाळलेली ही त्यांची एकमेव आज्ञा.

पुढच्या उन्हाळ्यात काका निवृत्त झाले. इकामा काकांचा, तो संपला की दोघांनीही निघायचं. इथं कुणाचंही राज्य इकाम्यावरच्या तारखेपर्यंतच असतं; काकूंना ते समजलं होतं की नाही कोण जाणे, त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पातेली त्यांनी घासून मृण्मयीकडं पाठवली. विमानतळावर सोडायला मृण्मयीच आली, तिच्या गाडीतून. पुढची सीट मोकळी होती. काकू मागं बसल्या. काच बोटभर खाली केली.

मी आणि बायको आमच्या गाडीतून गेलो. सामान आत गेल्यावर काकूंनी मला बाजूला बोलावलं.

"तुम्ही मला एकदा विचारलं होतं. मुलगा मोठा झाल्यावर काय झालं म्हणून."

"हो."

"तेव्हाच तिनं दगड कोरून घेतला."

मला कळलं नाही.

"बघा की. हातात कारभार असताना दगड कशाला लागतो हो? मी इतकी वर्षं तेल घेतलं, कधी कुठं लिहून ठेवलं? बोललं की झालं. पोरगं मोठं झालं, शिक्का त्याच्या हातात गेला. उद्या दिव्यात तेल पडेल का, याची खात्री राहिली नाही. मग बाई उठली आणि पाथरवटाकडं गेली. म्हणाली, चार ओळी लिही. आणि ओळी कोण वाचतंय, खाली गाढव काढ." त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "मला उगाच वाटायचं, दगड म्हणजे तिची सत्ता. सत्ता गेल्याची पावती आहे ती."

मग त्यांनी कापडी पिशवी उचलली. मला वाटलं दिवा मला मिळणार. मी हात थोडा पुढंही केला. त्या माझ्या पुढून गेल्या आणि पिशवी मृण्मयीच्या हातात दिली.

"काकू, हे... पण ते कार्पेट..." मृण्मयी म्हणाली.

"खाली ताट ठेव. एवढी बँक चालवतेस, आणि खाली ताट ठेवायचं सुचलं नाही?"



माझ्याकडं वळून काकू म्हणाल्या, "तुम्ही रागावू नका. तुम्ही सज्जन आहात. सज्जनाला दिवा दिला की तो घासून कपाटात ठेवतो. तुमच्यासाठी हा." आणि त्यांनी काकांच्या काखेतलं एक मोठं पुडकं माझ्या हातात ठेवलं. "रुमालासकट आहे."

नंतरची दोन वर्षं दिवाळीला विजेचीच समई लागली. जेवण गरम असे. लवकर आटपून लोक लवकर घरी जात. काकूंचा मला अधूनमधून फोन यायचा, कोल्हापूरहून. कोण आलं, कोण गेलं, सुर्व्यांच्या मुलीचं लग्न ठरलं का. तेलाचं त्यांनी कधी विचारलं नाही. मीही काढलं नाही. फोटो भिंतीला लावायला बायकोनं सक्त मनाई केली, म्हणून तो कपाटामागं पालथा होता.

काकू गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. काल संध्याकाळी ग्रुपवर मृण्मयीचा मेसेज आला. आधी तारीख, मग इस्तिराह्याचा पत्ता. मग: "येताना प्रत्येक घरानं आणि कॅम्पातल्या प्रत्येक खोलीनं पळीभर तेल आणावं. कुठलंही चालेल. कार्पेटवर ताट ठेवलेलं आहे."

 मग आधारवड हरपलेले एक गृहस्थ विचारते झाले, "इज इट कंपल्सरी?"

"हुकूम नाही," मृण्मयीनं लिहिलं, "सूचना आहे." आणि त्याखाली एक गाढव टाकलं.

पहिला अंगठा सुर्व्यांचा आला.

थोड्या वेळानं तिनं मला वेगळा मेसेज पाठवला: येताना तो फोटो घेऊन याल का? मी कपाट ओढलं, फोटो बाहेर काढला, धूळ झटकली आणि दाराशी भिंतीला टेकवून ठेवला. रुमाल फारच मळला होता. धुवायला टाकला आहे. वाळेल की नाही सांगता येत नाही.